कपाटाच्या रंगाची गिटार

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहून गेलो होतो, "नवीन इलेक्ट्रिक घेतली आहे, जुन्या ढबीची, सविस्तर नंतर". त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी आठ महिने कॉर्ड्स आणि स्केल्सवर घासूनपुसून लिहिलं त्यावर आली नव्हती. ठीक आहे, समजलं. या वेळचं अख्खं सदर रेट्रो, म्हणजे जुन्या ढबीच्या नव्या, गिटारवर. पत्रं थोडी कापली आहेत, मजकूर तुमचाच.

प्रश्न (कासारवडवली, ठाणे): दादा, रेट्रो म्हणजे नक्की कुठली घेतली? आणि पहिल्या पंधरा दिवसांत काय वाटलं ते खरं खरं सांगा, व्हिडिओवाल्यांसारखं "अमेझिंग अमेझिंग" नको. मी पण तसलीच एक बघून ठेवलीय, पैसे बोनसचे आहेत आणि घरात अजून सांगितलेलं नाही.

उत्तर: घरात आधी सांगा. बाकीचं त्यानंतर.

कंपनीचं नाव सोडा, कारण सध्या या आकाराच्या गिटारी पाच-सात जण बनवतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांना लागू आहे. 1958 साली अमेरिकेच्या फेंडर कंपनीने जॅझमास्टर नावाची गिटार काढली, तिच्या घराण्यातली ही. कमरेत सरळ नाही, तिरकी, म्हणजे वरची कंबर एका जागी आणि खालची दुसऱ्या जागी सरकलेली, बसून मांडीवर घेतली की ती तिरकी का आहे ते लगेच कळतं, हात आपोआप जागेवर येतो. रंग फिकट हिरवा. मी खोक्यातून काढली तेव्हा मला अगदी अमेरिकन समुद्रकिनारा वगैरे वाटत होता, बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अय्या, हा तर आईकडच्या गोदरेजच्या कपाटाचा रंग." झालं. आता घरात तिचं नाव कपाट आहे. "कपाट बंद कर, जेवायला बस."

गंमत म्हणजे बायको फार चुकलेली नाही. त्या काळी फेंडरवाले गिटारचे वेगळे रंग बनवत बसायचेच नाहीत, ड्यूपाँट कंपनीचे मोटारींसाठीचे तयार रंग आणून मारायचे. तो प्रसिद्ध फिएस्टा रेड 1956 च्या फोर्ड थंडरबर्डचा. म्हणजे आज आपण ज्याला रेट्रो गिटारचा रंग म्हणतो तो मुळात गाडीच्या पत्र्याचा रंग, मग कपाटाच्या पत्र्याला कोणी का नाही म्हणावं.

वजन 3.7 किलो, बॅगा मोजायच्या काट्याला लटकवून मोजलं. नेक हाताला एकदम मस्त, फ्रेटबोर्डची, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीची, गोलाई साडेनऊ इंची, जुन्या सव्वासात इंचीवाल्यांवर तार वर ओढली की मधेच सूर घुसमटायचा तो त्रास इथे नाही. तीन फ्रेटच्या कडा बोटाला टोचत होत्या. अ‍ॅम्पला न लावता नुसती छेडली तर आवाज मोठा, आणि ब्रिजच्या (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या भागाच्या) मागे तारेचा जो लांब तुकडा मोकळा राहतो तो स्वतःच्या मनाने किणकिणतो, देवघरातली घंटी कोणाचा तरी हात लागून हलावी तसा. पहिल्या दिवशी मला तो आवाज आवडला, तिसऱ्या दिवशी डोक्यात गेला, आता परत आवडतोय.

मग अ‍ॅम्पला लावली. इथे निराशा झाली, लपवत नाही. आवाज पातळ, जोरात स्ट्रम केलं की जाडी तार सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवरच्या टेकूच्या, खाचेतून उडून बाजूच्या खाचेत जाऊन बसायची, ब्रिज लटपटायचा, वर सगळीकडून झणझण. मी तर खोकं परत भरायला घेतलं होतं, टेपसुद्धा शोधली. पण टेप सापडली नाही आणि तेवढ्या वेळात डोकं थोडं शांत झालं.

कारण असं आहे, आणि हे पूर्ण वाचा कारण तुमचे बोनसचे पैसे यात आहेत. 1958 साली ही गिटार जॅझ वाजवणाऱ्यांसाठी काढली होती. ते लोक जाड तारा लावायचे, पहिली तारच बारा-तेरा नंबरची (नंबर मोठा तशी तार जाड), तीही गुळगुळीत वेटोळ्याची, तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली. एवढ्या जाड तारांचा ताण ब्रिजला खाली दाबून धरायचा, म्हणून तेव्हा ते सगळं नीट चालायचं. जॅझवाल्यांनी तिला विचारलंसुद्धा नाही हा भाग वेगळा, ती उचलली कॅलिफोर्नियातल्या सर्फ बँडच्या पोरांनी. मग बाजारात पातळ तारांचे सेट आले, सगळे नऊ-दहावर गेले, आणि आज रेट्रो म्हणून जी गिटार खोक्यातून येते तिच्यावर आकार 1958 चा आणि तारा आजच्या! ब्रिजवरून तार ज्या कोनात मागे उतरते तो कोन मुळातच अगदी सपाट आहे, त्यात तार पातळ, मग ती खाचेत बसणार कशाला.

उपाय दोन. अकराचा सेट लावला. आणि नेक उघडून बॉडीत जी खाच असते तिच्या ब्रिजकडच्या टोकाला लग्नपत्रिकेचा एक पातळ तुकडा कापून घातला, म्हणजे नेक केसभर मागे कलतो, मग ब्रिज वर उचलावा लागतो आणि तारेचा कोन वाढतो. (पत्रिका भाच्याच्या मित्राच्या लग्नाची, चांगल्या जाड कागदाची होती, लोक पैसे घालवतात ते असे उपयोगी पडतात.) फेंडरच्या कारखान्यातून सुद्धा जुन्या गिटारी कागदाची चकती घालून बाहेर पडायच्या, म्हणून याला जुगाड म्हणू नका. मग ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक जुळवायची सळई) पाव आटा फिरवून नेकचा बाक पाव मिलिमीटरवर आणला, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पातळ बाजूला 1.6 आणि जाड बाजूला 2 मिलिमीटर ठेवली, इंटोनेशन जुळवलं, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागेल असं केलं. एक रविवार गेला. संध्याकाळी परत लावली तर हीच का ती, असं झालं. पातळपणा गेला, झणझण गेली, आवाजाला एक गोल असं पोट आलं, आणि थोडा रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) दिला की तार तळ्यात दगड टाकावा तशी पसरत जाते.

हां, आणि एक फजिती सांगायची राहिली. सोसायटीच्या हॉलमधे गणपतीच्या कार्यक्रमाची प्रॅक्टिस चालू होती, बेस, कीबोर्ड, ढोलकी, सगळे बसलेले, आणि मधेच माझा आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा झाला. केबल बदलली, अ‍ॅम्पला दोन चापट्या मारल्या, जॅक हलवला, काही नाही. नव्या गिटारची वायरिंग गेली म्हणून मी कंपनीच्या सात पिढ्या काढल्या. भाचा उठला, वय वर्षं एकोणीस, त्याने वरच्या शिंगाजवळचं एक छोटं बटण खाली सरकवलं आणि आवाज परत. त्या गिटारीत दोन वेगवेगळी सर्किट असतात, वरच्या बटणाने फक्त नेकजवळचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) चालू होतो आणि टोन मुद्दाम मऊ केलेला असतो, र्‍हिदम वाजवायला. माझी मनगटपट्टी लागून ते बटण वर गेलं होतं. पस्तीस वर्षं गिटार वाजवतोय मी. भाचा काही बोलला नाही, हसला पण नाही, त्याचाच जास्त राग आला.

तर घ्या की नको? सेटअप, म्हणजे वर केली ती सगळी जुळवाजुळव, करून देणारा माणूस माहीत असेल किंवा स्वतः स्क्रू ड्रायव्हर हातात धरायची तयारी असेल तर बिनधास्त घ्या. खोक्यातून काढली आणि वाजवली असं पाहिजे असेल तर या आकाराच्या वाटेला जाऊ नका, दुसरी रेट्रो बघा, खाली एका ताईंना सांगितलंय तसली. दुकानात पाच मिनिटं वाजवून मत करू नका एवढंच, त्या पाच मिनिटांत तुम्ही कारखान्याचा सेटअप ऐकता, गिटार अजून ऐकलेलीच नसते.

प्रश्न (वाशी): सर, माझ्या नव्या रेट्रो गिटारमधून सतत हुंऽऽ असा आवाज येतो. पंखा चालू केला की वाढतो. दुकानदार म्हणतो "सिंगल कॉइल आहे, असंच असतं". मित्र म्हणतो पीस डिफेक्टिव्ह आहे. खरं कोण?

उत्तर: दुकानदार बराचसा खरा, पण "असंच असतं" म्हणून त्याने हात झटकायला नको होते, थोडं समजावलं असतं तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची तार. ती गिटारची तार पकडते तशी घरातल्या विजेची हालचाल पण पकडते, आपली वीज 50 हर्ट्झची म्हणून तो खर्जातला हुंकार. हे टाळायला गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल उलट्या वेढ्यांच्या आणि उलट्या चुंबकांच्या शेजारी शेजारी बसवल्या, आवाजाची बेरीज होते आणि हुंकाराची वजाबाकी, 1955 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1957 पासून त्या गिटारींवर दिसायला लागल्या. तोच हंबकर. तुम्ही जी ढब विकत घेतली आहे ती त्याच्या आधीच्या विचाराची, तेव्हा हुंकार सोबत आलाच. त्या चमकदार, काचेसारख्या आवाजाचं आणि या हुंकाराचं मूळ एकच कॉइल आहे, एक ठेवून दुसरं सहज काढता येत नाही.

पण सगळा हुंकार गिटारचा नसतो. घरी हे करून बघा. खुर्चीत बसून गिटार घेऊन हळूहळू गोल फिरा, घरचे हसतील, हसू देत. एका दिशेला आवाज एकदम कमी होईल, त्या दिशेला तोंड करून बसायचं. दोन्ही पिकअप एकत्र चालू करून बघा, बऱ्याच गिटारींत एक पिकअप उलट्या वेढ्याचा असतो आणि मधल्या पोझिशनला हुंकार मरतो. पंख्याचा रेग्युलेटर गोल फिरणारा, सलग वेग बदलणारा असेल तर तो खर्रखर्र सोडतोच, पंखा एकतर फुल ठेवा नाहीतर बंद, किंवा टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर बसवून घ्या. मोबाईल चार्जर, एलईडी ट्यूब, लॅपटॉप, एकेक बंद करत जा, चोर सापडतो.

आता महत्त्वाचं. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो ना? मग गिटारचं आतलं ग्राउंड ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल, किंवा कधी बारीकसा झिणझिण करंट जाणवत असेल, तर वाजवणं त्या क्षणी बंद, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा आणि अर्थिंग तपासा. वाशीतल्या जुन्या इमारती काय किंवा आमच्या नौपाड्यातल्या काय, तीन पिनांचा सॉकेट भिंतीवर दिसतो पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थची वायर जोडलेलीच नसते असं मी दोनदा स्वतः बघितलंय. आणि हुंकार जावा म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाशी मैत्री ठेवा पण त्याचा सल्ला घेऊ नका, माणसं मेली आहेत यात.

आतून तांब्याची पट्टी चिकटवून शील्डिंग करतात, त्याने खर्रखर्र कमी होते, खर्जातला हुंकार फारसा जात नाही. पैसे त्या हिशोबाने घालवा.

प्रश्न (वर्तकनगर, ठाणे): माझ्या गिटारच्या फ्रेटबोर्डला "इंडियन लॉरेल" म्हटलंय. जुन्या गिटारींना रोझवूड असायचं ना? मग रेट्रो कसली? फसवणूक वाटते. आणि हे लॉरेल म्हणजे नक्की कुठलं झाड?

उत्तर: हे पत्र वाचून मला फार मजा वाटली, कारण वर्तकनगरमधून तुम्ही खिडकी उघडून येऊरच्या डोंगराकडे बघितलं तर उत्तर समोर उभं आहे. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन! मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगा पडलेली साल असते ना, उन्हाळ्यात येऊरला चालायला गेलात तर शंभर दिसतील, तोच. कोकणातल्या जुन्या घरांच्या तुळया विचारा कशाच्या आहेत, अर्ध्या वेळा ऐनच्या निघतील. टसरचे किडेसुद्धा याच्या पाल्यावर पोसतात. आणि रोझवूड म्हणजे, आपल्याकडचं, शिसव. दोन्ही इथलीच लाकडं, फक्त इंग्रजी नाव लावून आली की आपण ओळख विसरतो.

शिसव का गेलं त्याला कारण आहे. 2017 च्या जानेवारीपासून शिसवाच्या जातीची जगातली जवळपास सगळी झाडं सायटीस या, धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेली, म्हणजे शिसवाचा फ्रेटबोर्ड असलेल्या प्रत्येक गिटारच्या खोक्याबरोबर सीमेवर कागदपत्रं. स्वस्त आणि मधल्या किंमतीच्या गिटारी बनवणाऱ्यांना ते परवडेना, ते लॉरेलवर आणि इतर लाकडांवर गेले. 2019 मधे तयार वाद्यांना सूट मिळाली पण तोवर गाडी पुढे निघून गेली होती, आणि ऐन काही वाईट निघाला नाही.

फसवणूक म्हणाल तर नाही. ऐनाचा रंग थोडा फिका, रेषा जरा मोकळ्या, काही बोर्ड पहिल्या दिवशी कोरडे ठक्क दिसतात. आवाजात फरक पडतो का यावर लोक रात्ररात्र भांडतात, माझं मत असं की इलेक्ट्रिक गिटारमधे पिकअप, तारा आणि तुमची बोटं यांच्यापुढे फ्रेटबोर्डच्या लाकडाचा वाटा चिमूटभर. डोळे बांधून मला ओळखता येणार नाही, तुम्हाला येत असेल तर भेटायला या, चहा माझ्याकडून.

फक्त त्या बोर्डला खोबरेल तेल चोळू नका. हे मी का सांगतोय, कारण निम्म्या ठाण्याने चोळलंय. ते आत राहतं, खवट होतं, धूळ धरतं आणि पावसाळ्यात वास येतो. फ्रेटबोर्डसाठी मिळणारं तेल वर्षातून एक-दोनदा, चार थेंब, लगेच पुसून घ्यायचं. आणि मेपलचा वार्निश केलेला पिवळा बोर्ड असेल तर तेही नाही, ओलसर फडकं पुरे.

प्रश्न (नेरूळ): माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला जुनी दिसणारी इलेक्ट्रिक गिटारच हवी आहे, "दिसायला कूल आहे" एवढंच कारण. क्लासचे सर म्हणतात आधी दोन वर्षं अकौस्टिक. काय करू?

उत्तर: ताई, सरांचा मान ठेवून सांगतो, दोन वर्षांची अट काही मला पटत नाही. इलेक्ट्रिकच्या तारा पातळ, बोटं कमी सोलतात, पोरगं पहिल्या महिन्यात सोडून देत नाही. दिसायला कूल हे कारण तुम्हाला हलकं वाटतंय पण मी स्वतः चौदाव्या वर्षी एका ऑर्केस्ट्रातल्या लीड गिटारवाल्याची लाल गिटार बघूनच वेडा झालो होतो, आवाज नंतर ऐकला. तेव्हा आमच्या वाट्याला आलेली गिटार मात्र अशी होती की नेक आणि तारांच्या मधून उंदीर आरामात जाईल.

फक्त माझ्यासारखी नको त्याला, वर लिहिलेली रामकहाणी वाचलीच असेल. त्याला सगळ्यात साधी रेट्रो द्या, टेलिकास्टरच्या ढबीची. ब्रिज पक्का, दोन पिकअप, एक स्विच, दोन बटणं, बिघडायला फारसं काही नाहीच. ती बनवणारे लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, म्हणून सगळी रचना दुरुस्तीवाल्याच्या डोक्याने केलेली, नेकसुद्धा चार स्क्रू काढले की हातात. 1950 साली आली तेव्हा नाव होतं ब्रॉडकास्टर, ते ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळलं म्हणून बदलावं लागलं, आणि मधले काही महिने तर हेडवरच्या चिठ्ठीतून नाव कापून टाकून बिननावाच्या गिटारी विकल्या. पोराला ही गोष्ट सांगा, वर्गात भाव खाईल.

हात लहान असतील तर 24 इंच स्केलची (म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी कमी) फेंडरच्याच मस्टँगच्या आकाराची पण चालेल, ती 1964 साली शिकणाऱ्यांसाठीच काढली होती. घेताना पोराला बरोबर न्या. नेरूळहून लांब पडेल पण एकदा धोबीतलावच्या फुर्टाडोमधे फिरवून आणा, 1865 पासूनचं दुकान आहे, काही नाही घेतलं तरी दोन तास मजेत जातील. आणि सगळं बजेट गिटारवर संपवू नका, केबल, पट्टा, ट्यूनर, हेडफोनचं भोक असलेला छोटा अ‍ॅम्प आणि पहिला सेटअप एवढे पैसे बाजूला काढा. हेडफोनचं भोक विसरलात तर शेजारी तुम्हाला आठवण करून देतील.

प्रश्न (ऐरोली): नवीन गिटार मुद्दाम घासून, रंग उडवून, गंज चढवून "जुनी" करतात आणि जास्त पैसे घेतात. हा काय प्रकार आहे? लोक वेडे आहेत का?

उत्तर: थोडेसे. पण फाटकी जीन्स दुप्पट भावात घेणाऱ्या देशात गिटारवाल्यांनाच का बोला.

हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं 1990 च्या दशकाच्या मध्यात, फेंडरच्या कस्टम शॉपने अशा घासलेल्या गिटारी काढल्या आणि त्या खपल्या. त्यात एक गोष्ट खरी आहे, नेकच्या कडा घासून गोल केल्या आणि मागचं वार्निश उडवलं की हाताला फार छान लागतं, चिकटत नाही, आपल्या घामट हवेत तर जास्तच. ते तुम्ही बारीक पॉलिश पेपरने घरी अर्ध्या तासात करू शकता. बाकी बॉडीवरचा उडवलेला रंग फक्त डोळ्यांसाठी. माझी जुनी कलकत्त्याची गिटार आहे, तिचा रंग कोपराजवळ उडालाय तो वीस वर्षांच्या गणपती-नवरात्राच्या घामाने आणि शर्टाच्या बटणांनी, पाठीला पट्ट्याच्या बकलाचे चरे आहेत, एक खोच भिवंडीला टेंपोतून पडली तेव्हाची. ती बायकोने एकदा बोहारणीसमोर ठेवली होती. बोहारणीने पण नको म्हटलं. आणि आता तसलाच अवतार कारखान्यातून करून घेतात म्हटल्यावर मला जरा कसंतरीच होतं, आनंद की राग ते अजून ठरलं नाहीये.

एक व्यवहाराची गोष्ट. महागड्या रेट्रो गिटारींवर जुन्या पद्धतीचा नायट्रो लॅकर, म्हणजे एक प्रकारचं वार्निश, असतो, पातळ, लवकर झिजतो, आणि रबराच्या स्टँडवर ठेवला की रबर त्याला खातं, चिकट डाग पडतो, निघत नाही. स्वस्त गिटारींवर पॉली, म्हणजे प्लास्टिकसारखं कडक वार्निश, असतं, त्याला सहसा काही होत नाही. तुमच्याकडे नायट्रो असेल तर स्टँडला जुनी सुती बनियन गुंडाळा.

प्रश्न (कळवा): मी ट्रान्स हार्बरने गिटार घेऊन तुर्भ्याला जातो, बँड आहे आमचा. पावसाळ्यात तारा महिन्यात गंजतात. आणि रेट्रो ट्रेमोलोचा दांडा (सूर हलवायचा) वापरला की गिटार सुराबाहेर जाते ती जातेच. दांडा काढून ठेवू का?

उत्तर: गंजाचं पटकन सांगतो. खाडीकाठी राहतो आपण, तारा गंजणारच. वाजवून झालं की प्रत्येक तार खालून-वरून कोरड्या मऊ फडक्याने पुसायची, जुन्या धोतराचा तुकडा उत्तम. कोटिंगवाल्या तारा महाग आहेत पण पावसाळ्याचे चार महिने परवडतात. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ओल्या बॅगेत गिटार रात्रभर ठेवू नका. जून-जुलैत नेक थोडा फुगतो, तारा वर-खाली होतात, घाबरून लगेच ट्रस रॉड फिरवू नका, आठवडाभर बघा. आणि लोकलमधे बॅग पाठीला नाही, पोटाशी, ऐरोलीला चढणाऱ्यांना हेडस्टॉक दिसत नाही. मला एका आजोबांनी "सतार का?" म्हणून विचारलं होतं, मी हो म्हटलं, मग त्यांनी बसायला जागा दिली.

दांडा काढू नका. त्यासाठीच तर घेतलीत ती! सूर जातो तो बहुतेक वेळा दांड्यामुळे नाही, तार नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या, खाचेत अडकते म्हणून. तार ढिली होऊन परत येताना खाचेत चावते आणि पूर्ण परत येत नाही, ट्यूनिंग करताना वरून टिक्क टिक्क असा आवाज येतो ना, तोच पुरावा. तार काढा, खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. नवीन तारा लावल्या की हाताने वर ओढून ओढून ताणून घ्या, चार-पाच वेळा, खुंटीवर दोन-तीनच वेटोळी ठेवा. सूर नेहमी खालून वर चढवत आणायचा, वरून खाली नाही. तुमची जॅझमास्टरच्या ढबीची असेल तर मागच्या पट्टीवर एक छोटं सरकणारं बटण दिसेल, ते सरकवलं की दांडा एका बाजूला अडतो, मग कार्यक्रमात एखादी तार तुटली तरी बाकीच्या पाच सुरात राहतात. आणि दांडा त्या सर्फवाल्यांसारखा हळू हलवायचा, हँडपंप मारल्यासारखा नाही.

पेन्सिल दोन बी किंवा चार बी घ्या, एचबी कडक पडते. चित्रकलेच्या कंपासपेटीत असते. आमच्याकडे मी पुतणीची न विचारता घेतली आणि टोक मोडून परत ठेवली, एलिमेंटरीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, तेव्हा तुम्ही आपली विकतच आणा.